बायोफॅकला जाताय, मग न्युरेंबर्ग कधी बघणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीचे दोघे चुलतभाऊ सेंद्रिय हळद आणि गूळ पावडर घेऊन फेब्रुवारीत पहिल्यांदाच जर्मनीतल्या न्युरेंबर्गला, बायोफॅक या सेंद्रिय मालाच्या व्यापारी प्रदर्शनाला निघालेत. रविवारी दुपारी पोचणार, सोमवारी स्टॉल लावणार, मंगळवार ते शुक्रवार प्रदर्शन, शनिवार-रविवार मोकळे आणि सोमवारी पहाटे परतीचं विमान. धाकटा म्हणतो, एवढं युरोपात जातोय तर पॅरिस करू, नाहीतर निदान म्युनिक. थोरल्यांना, म्हणजे ज्यांनी विचारलंय त्यांना, गावातच फिरावंसं वाटतंय, पण शंका अशी की "दोन दिवस पुरेल एवढं तिथे आहे तरी काय?" दोघेही शाकाहारी.

मी मसाल्याच्या निर्यातीत वीस वर्षं आहे आणि बायोफॅकच्या नऊ वाऱ्या झाल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काय बघायचं हा प्रश्न सोपा आहे, ते कुणीही सांगेल. खरी अडचण पायांची आणि उजेडाची आहे. चार दिवस रोज नऊ तास उभं राहून, हसून, तेच पंधरा प्रश्न झेलून (कर्क्युमिन किती टक्के, शिशाचा रिपोर्ट आहे का, इथिलिन ऑक्साइड तपासलंय का) शुक्रवारी संध्याकाळी माणूस पिळून निघालेला असतो. त्यात फेब्रुवारीत तिथे साडेपाचच्या सुमारास अंधार पडतो. "प्रदर्शन संपलं की निवांत बघू" असं ठरवणारे बहुतेक जण शनिवारी अकरापर्यंत झोपतात आणि मग हाताशी चार तास उरतात. मी पहिल्या वर्षी त्याहून मोठा मूर्खपणा केला. शनिवारी पहाटे उठून म्युनिक गाठलं. गाडी तासाभरात पोचवते, तक्रार गाडीबद्दल नाही. पण तिथल्या मुख्य चौकात उभं राहून मी फोटो काढला, एका बाकावर बसलो आणि बसल्या बसल्या झोपलो. न्युरेंबर्गचा किल्ला त्या वर्षी फक्त टॅक्सीच्या काचेतून बघितला.

त्यामुळे माझा सल्ला एकच: शहर शेवटच्या दोन दिवसांवर ढकलू नका. त्याचे तुकडे करा आणि पहिला तुकडा रविवारी, पोचल्या पोचल्याच उरका. हे इथे जमतं, कारण जुनं गाव तटबंदीच्या आत आहे आणि रेल्वे स्टेशनपासून थेट वरच्या किल्ल्यापर्यंत अंतर दोन किलोमीटरसुद्धा भरत नाही. पॅरिसचे असे तुकडे करता येत नाहीत.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. स्टॉलवर दोघं आहात हे उत्तम, आलटून-पालटून सुटता येईल. एकटा माणूस असता तर मी यातलं निम्मं सांगितलं नसतं. व्हिसाचा अर्ज अजून केला नसेल, तर हॉटेल आणि विमा पोचण्याच्या रविवारपासून परतीच्या सोमवारपर्यंतचा धरूनच दाखवा, कारण दिवस मोजूनच मिळतात. आणि हॉटेल कुठे घेता यावर तर सगळंच अवलंबून आहे. प्रदर्शनाच्या आठवड्यात गावातले दर इतके चढतात की हिशेब कोलमडतो. मी गेली कित्येक वर्षं शेजारच्या फ्युर्थ गावात उतरतो. तिथून यू-१ ही मेट्रो न बदलता थेट प्रदर्शनाच्या दारात, 'मेसे' स्टेशनवर सोडते.

ही यू-१ नीट लक्षात ठेवा, कारण तुम्हाला बघायचं ते बहुतेक याच एका दोऱ्यात ओवलेलं आहे. फ्युर्थ ते न्युरेंबर्ग हा तिचा पट्टा साधारण त्याच मार्गाने जातो जिथून ७ डिसेंबर १८३५ रोजी जर्मनीतली पहिली वाफेच्या इंजिनाची आगगाडी धावली. इंजिनाचं नाव 'आडलर', म्हणजे गरुड, आणि अंतर जेमतेम सहा किलोमीटर. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ची, म्हणजे अठराच वर्षांनी. त्याच मार्गावर बेरेनशान्झं हे स्टेशन आहे आणि तिथून चार पावलांवर न्यायालयाची इमारत. नाझी पुढाऱ्यांवरचा खटला २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ या काळात ज्या ६०० क्रमांकाच्या दालनात चालला, ते इथे बघायला मिळतं. मंगळवारी बंद असतं. (हे मला कसं कळलं ते विचारू नका.) पुढे वायसर टुर्म आणि लोरेन्सकिर्शे ही दोन स्टेशनं जुन्या गावाच्या पोटात, मग मुख्य स्टेशन, आणि शेवटी शेवटी मेसे.

प्रदर्शनाच्या आवारातूनच सुरुवात करू, कारण तिथे एक जागा आहे जी बहुतेक भारतीय स्टॉलवाले रोज बघतात आणि ओळखत नाहीत. प्रदर्शनाला गाडीने येणाऱ्यांना ज्या लांबलचक फरसबंद पट्ट्यावर पार्किंग देतात, तो 'ग्रोसे श्ट्रासे', मोठा रस्ता. नाझींनी आपल्या वार्षिक मेळाव्यांच्या संचलनासाठी तो बांधायला घेतला. रुंदी साठ मीटर, खाली ग्रॅनाइटच्या चौकोनी लाद्या, आणि रोख बरोबर जुन्या गावातल्या किल्ल्याकडे, म्हणजे आपण जुन्या सम्राटांचे वारस आहोत हे दाखवायला. युद्धानंतर अमेरिकन सैन्याने त्याची तात्पुरती धावपट्टी केली. आता तिथे सेंद्रिय मुसली विकणाऱ्यांच्या व्हॅन उभ्या असतात. दुपारी स्टॉल भावाकडे सोपवून पाऊण तास काढा आणि त्या लाद्यांवरून चालून या. पुढे तळ्याकाठी त्यांचं अर्धवट राहिलेलं प्रचंड सभागृह दिसेल. ते रोमच्या कोलोसियमसारखं दिसावं अशी योजना होती. जेवणाच्या सुट्टीत एवढं पुरे.

आता रविवारची दुपार. विमानतळावरून यू-२ बारा-तेरा मिनिटांत मुख्य स्टेशनला आणते. तिला ड्रायव्हर नाही, पुढच्या काचेशी जागा मिळाली तर बसा, लहान मुलासारखी मजा येते. सामान टाका आणि झोपू नका. दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून गाव मोकळं असतं आणि चालायला सगळ्यात छान. स्टेशनसमोरच्या तटापासून सरळ उतरत पेग्निट्स नदीपर्यंत जा. नदीवरचा 'हेंकरश्टेग', जल्लादाचा पूल, लाकडी आणि छपराचा आहे. जल्लादाशी कुणी शेजार ठेवायचं नाही, म्हणून त्याचं घर पाण्यावरच्या मनोऱ्यात. पलीकडे 'वाइनश्टाडल', आडव्या-तिरप्या लाकडी तुळयांची लांब इमारत. पुलावर उभं राहून दिवे लागायची वाट बघा. मग जेवा आणि नऊला झोपा, सोमवारी खोकी फोडायची आहेत.

बुधवारी संध्याकाळी गेर्मानिशेस नॅशनलम्युझियम हे मोठं संग्रहालय उशिरापर्यंत उघडं असतं, त्यामुळे सहाला स्टॉल झाकून थेट तिथे जाता येतं. सगळं बघायचा मोह सोडा. मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल तेवढा शोधा. न्युरेंबर्गातच १४९०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेला हा जगातला सर्वांत जुना शिल्लक पृथ्वीगोल. कोलंबस परत यायच्या आतला, म्हणून त्यावर अमेरिकाच नाही. ज्या बाजूला मसाले पिकतात तिकडे मात्र बेटांची आणि मजकुराची नुसती दाटी. दालनांची दुरुस्ती अधूनमधून चालू असते, तेव्हा गोल मांडलेला आहे ना ते आदल्या दिवशी तपासा. मंगळवार आणि गुरुवार ग्राहकांसोबतच्या जेवणात जातील, ते जाऊ द्या, त्यासाठीच तर गेलात.

आणि शनिवार. हा पूर्ण दिवस जुन्या गावाला द्या, पण सकाळी नऊला बाहेर पडा.

पहिल्यांदा लोरेन्सकिर्शे हे चर्च. आत वेदीच्या डाव्या हाताला दगडाचा एक मनोरा छताला जाऊन भिडलेला दिसेल, जवळजवळ वीस मीटर उंच. टोकाशी छत आड आलं म्हणून तो वेलीच्या कोंबासारखा वळवून घेतलाय. मान खाली आणा आणि पायथा बघा. हातात हातोडी घेतलेला एक दाढीवाला कामगार गुडघ्यावर टेकून सगळा भार पाठीवर घेतल्यासारखा बसलाय. तो आडाम क्राफ्ट, हे शिल्प घडवणारा स्वतः. आपल्याकडे मंदिराच्या खांबावर भारवाहक यक्ष असतात, तसा इथे कारागीरच बसलाय. मी दरवर्षी त्याच्यापुढे पाच मिनिटं उभा राहतो. गुडघ्यावरच्या कापडाची चुणी बघा, दगड आहे हे विसरायला होतं.

आता यातली आपल्या धंद्याची गोष्ट. १४९३मध्ये या कामाचे पैसे दिले इमहोफ घराण्याच्या हान्सने. इमहोफ म्हणजे इथले बडे व्यापारी, केशर आणि मसाले हा त्यांचा मोठा माल. पुढे १५०५मध्ये पोर्तुगालहून अल्मेडा या पोर्तुगीज सरदाराचा जो जहाजांचा ताफा हिंदुस्थानकडे निघाला, त्यात पैसा घालणाऱ्या जर्मन व्यापाऱ्यांत न्युरेंबर्गचे इमहोफ होते. श्रीमंत व्यापाऱ्यांना लोक 'फेफरझाक' म्हणत, म्हणजे मिऱ्याचं पोतं. तेव्हा हळद घेऊन गेलात म्हणून स्वतःला परका समजू नका, या गावाची अर्धी शान मसाल्याच्या नफ्यातून उभी आहे. आणि भेसळीची गोष्ट ऐका: इथे केशराची तपासणी करणारी व्यवस्थाच होती, आणि १४४४मध्ये एका भेसळ करणाऱ्याला त्याच्या मालासकट जाळलं होतं. शिशाचा रिपोर्ट मागणाऱ्या खरेदीदारावर चिडायच्या आधी हे आठवतं मला.

तिथून पूल ओलांडला की हाउप्टमार्क्ट, मुख्य बाजारचौक. बाराच्या दहा मिनिटं आधी फ्राउएनकिर्शे या चर्चसमोर उभे राहा. ठीक बाराला घड्याळाखाली सम्राट निवडणारे सात मानकरी बाहेर येतात आणि बसलेल्या सम्राट चौथ्या कार्लभोवती तीन फेऱ्या घालतात. सम्राट कुणी निवडायचा हे ठरवणाऱ्या त्याच्या १३५६च्या शाही फर्मानाची ही आठवण, आणि घड्याळ १५०९पासूनचं. लोक मोबाइल उंचावतात, हसतात. जे फारसं कुणी सांगत नाही ते असं: हा चौक म्हणजे ज्यूंची वस्ती होती. १३४९मध्ये याच कार्लच्या संमतीने ती पाडून बाजाराला जागा केली. त्या डिसेंबरात पाचशेहून जास्त ज्यू मारले गेले आणि चर्च उभं राहिलं ते त्यांच्या सिनेगॉगच्या जागी. घड्याळ जरूर बघा, मीही बघतो. पण खटल्याचं दालन आणि तो पार्किंगचा रस्ता बघून आलेल्या माणसाला हा चौक निराळा दिसतो.

चौकातच 'सुंदर कारंजं' आहे, एकोणीस मीटरचं, सोनेरी. जाळीत एक पितळी कडी आहे, ती फिरवली की इच्छा पुरी होते म्हणतात. रांग असेल तर सोडून द्या.

वर चढताना झेबाल्डुसकिर्शे, संत झेबाल्डुसचं चर्च, लागेल. संताची पितळी समाधी पेटर फिशरने अकरा वर्षं खपून केली, १५०८ ते १५१९, आणि ती एवढी जड वास्तू टेकलीय चक्क गोगलगाईंवर. तिथेच खांबांवर युद्धानंतरचे फोटो लावलेत, ते मुद्दाम बघा. २ जानेवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव सुमारे नव्वद टक्के उद्ध्वस्त झालं. काही जणांना हे कळल्यावर फसवल्यासारखं वाटतं, "म्हणजे हे सगळं नवीनच की!" माझं मत वेगळं आहे. त्यांनी जुन्या गल्ल्यांचा नकाशा राखला, तट उभा केला आणि त्याच गुलाबी वाळूच्या दगडात बांधलं. हे काम मला मूळ बांधकामाइतकंच मोठं वाटतं. न पडलेली जुनी घरं बघायची असतील तर फ्युर्थमध्ये संध्याकाळी हॉटेलबाहेर एक चक्कर मारा, तिथे बॉम्ब कमी पडले.

किल्ल्याच्या पायथ्याशी चित्रकार आल्ब्रेख्त ड्युररचं घर आहे. १५०९पासून १५२८ला मरेपर्यंत तो इथेच राहिला. मूळ चित्रांची अपेक्षा ठेवू नका, ती जगभर पांगलीत. पण छपाईचं यंत्र, रंग आणि स्वयंपाकघर बघण्यासारखं आहे. त्याच्या चित्रातला गेंडा तुम्ही नक्की कुठेतरी बघितलाय, चिलखत घातल्यासारखा. तो गेंडा आपल्याकडचा! गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिला, गोव्याहून १५१५च्या जानेवारीत जहाजावर चढवला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरवला. ड्युररने तो कधी पाहिलाच नाही. एक पत्र आणि एक कच्चं रेखाटन यावरून लाकडात कोरला आणि खांद्यावर एक जादा शिंग बसवून दिलं. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपने गेंडा असाच असतो असं मानलं.

किल्ला हिवाळ्यात चारलाच बंद होतो. मी एका वर्षी चार वाजून दहा मिनिटांनी पोचलो होतो, म्हणून सांगतो: दोनच्या आत वर असा. महालाचे कक्ष धावते बघितले तरी चालतील, पण खोल विहीर चुकवू नका. एका साध्या खोलीत सगळ्यांना उभं करतात. मार्गदर्शक भांड्याने थोडं पाणी आत ओततो आणि सगळे गप्प होतात. तीन-साडेतीन सेकंद, आणि मग खालून छप्प असा आवाज येतो. मग तबकात मेणबत्त्या ठेवून दोरीने खाली सोडतात, आणि तो उजेड लहान होत होत हरभऱ्याएवढा होतो. खोली पन्नास मीटरच्या आसपास, सगळी कातळात हाताने खोदलेली. पन्हाळ्याची अंधारबाव बघितलेल्या माणसाला गडावरच्या पाण्याचं मोल सांगायला नको. तुम्हा दोघांचं मन रमेल तिथे.

उजेड संपल्यावर जमिनीखाली शिरा. टेकडीच्या पोटात बिअर साठवायला खोदलेली तळघरं आहेत, मजल्याखाली मजला. बिअर गाळणाऱ्याला स्वतःचं तळघर असलंच पाहिजे असा १३८०चा नियम सापडतो. इंग्रजीतून फेरी असते, तिची वेळ मात्र आधी बघून ठेवा. युद्धात लोक याच भुयारांत लपले होते.

राहिला रविवार. पाय शाबूत असतील तर सकाळी ६०० नंबरचं दालन, दुपारी आराम. शहराबाहेर जायचंच असेल तर बाम्बेर्ग, साध्या गाडीने तासाच्या आत, अख्खं जुनं गाव १९९३पासून जागतिक वारसा यादीत. म्युनिकपेक्षा मी कधीही तेच निवडीन. शनिवारी काढलेलं मेट्रोचं दिवसाचं तिकीट रविवारीही चालतं, तेव्हा दुसरं काढू नका. पॅरिसचा विषय धाकट्यासमोर मीच मिटवतो: जाऊन-येऊन निम्मा वेळ गाडीत जाईल, आणि सोमवारी पहाटेचं विमान चुकलं तर तिकिटाचा खर्च हळदीच्या मार्जिनमधून निघणार नाही.

आता पोटाचं. हे सॉसेजचं गाव आहे. बोटाएवढी, डुकराच्या मांसाची, तीन-तीन पावात घालून देतात. भाजीवाला पदार्थ म्हणून 'क्लोस मिट सोस' कुणी सुचवला तर सावध, बटाट्याचा गोळा निरुपद्रवी असतो पण वरची आमटी मांसाच्या रसाची असते. 'केझेश्पेट्झलं' मागा, चीज घातलेल्या जाड शेवया, त्यात अंडं असतं ते चालत असेल तर. नाहीतर तुर्की दुकानातलं फलाफल आणि ब्रेत्सेल, म्हणजे वेटोळ्याचा खारा पाव. प्रदर्शनात तर चार दिवस नमुन्यांवरच पोट भरतं. दोन जोड बूट न्या, आणि ऑफिसचे बूट त्या गोट्यांच्या रस्त्यांवर घालू नका.

घरी न्यायला 'लेबकूखन', म्हणजे इथला मसालेदार केक-बिस्किटासारखा गोड पदार्थ, घ्या, शनिवारी संध्याकाळी आठच्या आत, रविवारी दुकानं बंद. डब्यावर 'एलिझेन' शब्द बघा. तो लिहायला सुकामेवा निदान पंचवीस टक्के आणि पीठ दहा टक्क्यांच्या आत असावं लागतं. यातही अंडं असतं, आजीला देताना सांगून द्या. सांगलीच्या हळदीला जसा भौगोलिक मानांकनाचा शिक्का आहे, तसा यालाही आहे, गावाबाहेर बनवलं तर न्युरेंबर्गचं नाव लावता येत नाही. डबा उलटा करून घटक वाचा: दालचिनी, लवंग, वेलची, जायपत्री, धने. मी बघितलेल्या एकाही डब्यावर हळद नव्हती. धाकट्याला म्हणावं, पॅरिसचं राहू दे, यावर डोकं लाव.